प्रकल्प नोंदी: छापखान्यातला मार्क ट्वेन

१२ सप्टेंबर

वाचनालयाच्या समितीनं होकार दिला. ३० नोव्हेंबर हा अमेरिकन लेखक मार्क ट्वेनचा जन्मदिवस, त्या दिवशी खालच्या दालनात प्रदर्शन उघडायचं. भिंतीवर फलक, मध्ये एक काचेची पेटी आणि जमलं तर खिळेजुळणीचं, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरं हातानं जुळवण्याचं, प्रात्यक्षिक. मजकूर माझ्याकडे, मांडणी भाच्याकडे. फलक सनबोर्डवर करायचे. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण दोन महिन्यांत त्याच्या कडा वळतात.

समितीनं जुना एक कच्चा मजकूर दिला आहे. जन्म, लग्न, पुस्तकं, मृत्यू आणि शेवटी रांगेनं सुविचार. सुविचार सगळे काढून टाकले. या माणसाच्या नावावर मोबाइलवर फिरणारी बरीच वाक्यं त्याची नाहीत, आणि जी आहेत ती भिंतीवर एकटी टांगली की त्यांची धार जाते.

मला हा माणूस छापखान्याच्या दारातून आत आणायचा आहे. सॅम्युएल क्लेमेन्स हे त्याचं खरं नाव. बाराव्या वर्षी छापखान्यात उमेदवार, अठराव्या वर्षी गावोगाव फिरणारा कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःच प्रकाशक, आणि साठीला दोन वर्षं कमी असताना दिवाळखोर. पैसा बुडाला तो मुख्यतः खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात. अमेरिकेच्या पैशाच्या हावेवर त्यानं आयुष्यभर कोरडे ओढले आणि त्याच हावेपायी स्वतःही वाहवत गेला. ‘विनोदी लेखक’ या शिक्क्याखाली ही गोष्ट दडपली जाते. प्रदर्शन त्यावर उभं करायचं, असं समितीला सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही. कोणी उत्साहही दाखवला नाही.

१८ सप्टेंबर

फलक १ आणि २ चा मजकूर लिहिला.

जन्म १८३५, मिसूरी राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या खेड्यात. चार वर्षांचा असताना कुटुंब मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावी आलं. वडील १८४७ मध्ये गेले. पुढच्या वर्षी पोरगा गावातल्या ‘मिसूरी कुरियर’ या साप्ताहिकाच्या छापखान्यात, जोसेफ एमेंटकडे, चिकटला. पगार नाही, जेवण आणि वर्षाला दोन जोड कपडे एवढाच करार. कपडे मालकाचेच जुने निघाले, आणि मालक अंगानं दुप्पट होता.

१८८६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये छापखानेवाल्यांच्या मेजवानीत त्यानं एक भाषण केलं, त्यात त्या दिवसांचं वर्णन आहे. मला ते त्याच्या कित्येक कथांपेक्षा आवडतं. थंडीच्या सकाळी शेगडी पेटवायची, गावच्या पंपावरून पाणी आणायचं, केर काढायचा, कंपोझिटरच्या पायाखाली सांडलेले खिळे वेचायचे. मालक बघत असेल तर चांगले खिळे त्याच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, आणि मोडके भंगाराच्या पेटीत. कोणी बघत नसेल तर सगळेच सरमिसळ झालेल्या ढिगात लोटून मोकळं व्हायचं. गावातले वर्गणीदार वर्गणी किराण्यात देत, खेड्यातले कोबी आणि जळाऊ लाकडात, तीही दिली तर. अंक घरोघर टाकायचं कामही याचंच. त्यामुळे गावातल्या तमाम कुत्र्यांशी ओळख झाली होती.

आमच्या छापखान्यात वर्गणीऐवजी कोबी कधी आला नाही. पण लग्नपत्रिकेच्या हिशेबात तांदळाचं पोतं आलेलं मी पाहिलं आहे.

२५ सप्टेंबर

फोटोवरून आज बरंच झालं.

१८५० चं एक डगेरोटाइप, म्हणजे पत्र्यावर उठवलेलं जुन्या पद्धतीचं छायाचित्र, आहे. पंधरा वर्षांचा सॅम, डोक्यावर टोपी, चेहरा घुम्या, छातीशी कंपोझिंग स्टिक (खिळ्यांची ओळ जुळवायची हातातली पट्टी) धरलेली आणि स्टिकमध्ये तीन ठसठशीत अक्षरं: एस, ए, एम. छायाचित्र केव्हाच मुक्त झालेलं आहे, परवानगीचा प्रश्न नाही. भाच्यानं ते फलक १ वर टाकलं. पण चेहरा मजकुराच्या बाजूला वळलेला हवा म्हणून आडवं उलटवलं. मांडणी करणारे सर्रास करतात, नेहमी चालूनही जातं.

कच्ची प्रत अण्णांना दाखवायला नेली. अण्णा आमच्या छापखान्यात तीस-पस्तीस वर्षं जुळणीला होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी प्रत डोळ्यांजवळ धरली.

“ही अक्षरं उलटी का दिसतायत?”

“अण्णा, खिळे उलटेच असतात ना?”

“खिळे उलटे असतात रे, पण त्या काळच्या फोटोत सगळंच उलटं यायचं ना? मग उलट्याचं सुलट व्हायला हवं. तुम्ही कोणीतरी मध्ये हात घातलाय.”

अगदी बरोबर. डगेरोटाइपमध्ये प्रतिमा आरशातल्यासारखी येते, त्यामुळे स्टिकमधले उलटे खिळे मूळ चित्रात सरळ वाचता येतात. पंधरा वर्षांच्या पोरानं आपलं नाव कॅमेऱ्याला नीट वाचता येईल अशा बेतानं हातात धरलं होतं. भाच्यानं चित्र पुन्हा मूळ बाजूला केलं. आता चेहरा मजकुराकडे पाठ करून आहे. राहू दे.

फलक २ वर कॅम्पबेलची गोष्ट घ्यायची ठरली. प्रख्यात धर्मोपदेशक अलेक्झांडर कॅम्पबेल हॅनिबलला आले, त्यांचं प्रवचन पुस्तिका म्हणून छापायचं काम एमेंटकडे आलं. वेल्स मॅकॉर्मिक हा सॅमच्या जोडीचा उमेदवार. त्याच्या जुळणीत दोन शब्द गळले. मजकूर सलग, पुढे दोन-तीन पानं परिच्छेदच नाही. म्हणजे ते दोन शब्द घालायचे तर तेवढी पानं पुन्हा ओळीनं सरकवावी लागणार. वेल्सनं शक्कल काढली: ओळीत ‘जीझस क्राइस्ट’ होतं, त्याचं ‘जे. सी.’ केलं, जागा झाली. कॅम्पबेल खवळले. तारणहाराचं नाव पुन्हा कधी छाटायचं नाही, पूर्ण घालायचं, म्हणून दरडावून गेले. वेल्सनं पूर्ण घातलं, वर पदरचं एक अक्षर वाढवून: ‘जीझस एच. क्राइस्ट’.

ही गोष्ट ट्वेननं म्हातारपणी आत्मचरित्रात सांगितली आहे. ज्यानं कधी भरल्या ओळीत विसरलेला शब्द कोंबला आहे, त्याला ती जास्त कळते. अण्णा बराच वेळ हसत होते.

३ ऑक्टोबर

फलक ३. इथे घाई करणार आहे. १८५३ मध्ये हॅनिबल सोडलं. सेंट लुइस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत खिळे जुळवून पोट भरलं. मग मिसिसिपीवर बोटीचा पायलट, १८५९ मध्ये परवाना. १८६१ ला यादवी युद्धानं नदीची वाहतूक थांबली, म्हणून भावाबरोबर नेव्हाडात. तिथे चांदीच्या खाणींवर हात मारून पाहिला, जमलं नाही, बातमीदार झाला. १८६३ पासून ‘मार्क ट्वेन’ ही सही. १८६५ ला उड्या मारणाऱ्या बेडकाच्या गोष्टीनं नाव देशभर गेलं. इतकं दोन परिच्छेदांत बसलं. शाळेची मुलं यातलं पुष्कळ आधीच ऐकून असतात.

थांबायचं ते ‘द गिल्डेड एज’, म्हणजे ‘मुलाम्याचं युग’, पाशी. शेजारी चार्ल्स डडली वॉर्नर याच्याबरोबर लिहिलेली ही कादंबरी १८७३ ची. कादंबरी म्हणून ती विस्कळीत आहे, दोन हातांची शिवण जागोजागी दिसते. पण यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेला, रेल्वेच्या शेअरांच्या, जमिनींच्या सट्ट्याच्या आणि विकत घेतलेल्या आमदार-खासदारांच्या त्या काळाला इतिहासकार आजही याच पुस्तकाचं नाव देतात. वरून मुलामा, आत भलतंच.

त्यातला कर्नल सेलर्स फलकावर हवाच. रोज नवी योजना, प्रत्येक योजनेत लाखो. घरी पाहुणे येतात, शेगडीच्या अभ्रकी दारातून ऊबदार उजेड दिसतो. दार निखळून पडतं तेव्हा कळतं की आत फक्त एक मेणबत्ती आहे. जेवायला सलगम आणि पाणी, आणि यजमान त्या पाण्याचं आणि सलगमांचं गुणगान करतोय. ट्वेननं हा माणूस आईच्या एका चुलतभावावरून घेतला. स्वतः सेलर्स व्हायला त्याला आणखी काही वर्षं होती.

त्याची पुस्तकं दुकानात विकत नसत, हेही याच फलकावर घालतोय. हार्टफर्ड शहरातल्या त्याच्या प्रकाशकाचे एजंट नमुन्याची वही घेऊन शेतावर, घरोघर जात: थोडी पानं, चित्रं, आणि कापडी की चामडी बांधणी हवी ते दाखवायला नमुने. मागे कोऱ्या रेघांच्या पानांवर गिऱ्हाइकाची नावं. अशानं जाडजूड पुस्तकच खपतं. ट्वेनच्या प्रवासवर्णनांना जो फुगवटा आहे त्याचं एक कारण हे आहे.

११ ऑक्टोबर

फलक ४, ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी. सगळ्यात जास्त वेळ यावर गेला.

ग्रंथपालबाईंची अपेक्षा तराफ्यावरच्या चित्राची आणि ‘मैत्री’ या शब्दाची होती. तराफा ठेवला. मजकूर मात्र आठव्या प्रकरणातला घेतला. पळून आलेला गुलाम जिम बेटावर कथानायक हकला आपल्या गुंतवणुकी सांगतो. एकेकाळी त्याच्यापाशी चौदा डॉलर होते. दहा डॉलर एका गाईत घातले; गाय मेली. कातडं आणि चरबी विकून एक डॉलर दहा सेंट आले. उरलेले पाच एक पाय नसलेल्या एका गुलामानं काढलेल्या बँकेत ठेवले. वर्षाखेर पस्तीस मिळणार होते. बँक बुडाली. शेवटचे दहा सेंट एकाला दिले, त्यानं ते देवाला उसने म्हणून चर्चमध्ये टाकले, शंभरपट परत येतील या भरवशावर. आणि मग जिम म्हणतो की तसा मी आता श्रीमंतच आहे. मी माझा मालक आहे, आणि माझी किंमत आठशे डॉलर आहे.

हसता हसता घास अडकावा असं हे वाक्य आहे. गुलामगिरीवर अख्खं व्याख्यान दिलं असतं तरी इतकं पोचलं नसतं. पुढे दोन भामटे याच जिमला चाळीस डॉलरांना विकतात. पुस्तकात माणसाचे भाव असे चढतात-उतरतात.

कादंबरीचा पहिला भाग १८७६ चा. म्हणजे जिमची गाय आणि बँक ट्वेननं स्वतःचं यंत्र आणि स्वतःची कंपनी बुडण्याच्या कितीतरी आधी लिहिली.

एक अडचण: मूळ पुस्तकात काळ्या माणसांसाठीचा तो शिवीवजा शब्द दोनशेहून जास्त वेळा येतो. २०११ मध्ये अमेरिकेत एका आवृत्तीत तो बदलून ‘गुलाम’ केला, त्यावर मोठा वाद झाला. आमच्या फलकावर तो शब्द छापायची गरज नाही; तो आहे, हे मात्र एका ओळीत लिहिलं. शाळेतल्या शिक्षकांनी विचारलं तर उत्तर तयार असावं.

छपाईचा किस्सा खाली चौकटीत: अमेरिकन आवृत्ती १८८५ च्या फेब्रुवारीत निघाली, खरं तर नाताळला यायची होती. एडवर्ड केंबलनं काढलेल्या एका चित्रात, कादंबरीतल्या सायलस काकांच्या, कोणीतरी ठशात खोडी करून अश्लील भर घातली. एजंटांच्या नमुना-वह्या बाहेर पडल्यावर लक्षात आलं. खोडी करणाऱ्याचा पत्ता लावणाऱ्याला ५०० डॉलरांचं बक्षीस जाहीर झालं. पानं मागवून कापली, नवी चिकटवली, आणि नाताळचा हंगाम हुकला. पुस्तक आल्यावर कॉनकॉर्डच्या सार्वजनिक वाचनालयानं ते घाणेरडं ठरवून काढून टाकलं. ट्वेन खूश झाला, आता पंचवीस हजार प्रती जास्त खपतील म्हणाला.

वाचनालयाच्या भिंतीवर वाचनालयाचा हा पराक्रम लावायला ग्रंथपालबाई हसत तयार झाल्या.

२७ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होतं. छपाईवाल्याकडे अजून पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचे फलक उतरत आहेत. आपला नंबर पुढच्या आठवड्यात.

आज अण्णांकडे ट्वेनला बुडवणाऱ्या त्या जुळणी-यंत्राची, पेज यंत्राची, चित्रं घेऊन गेलो. फलक ५ हा प्रदर्शनाचा कणा आहे, तो त्यांच्याशी बोलल्याशिवाय लिहायचा नव्हता.

हकीकत अशी. १८८० च्या सुमाराला ट्वेनच्या हार्टफर्डच्या घरी, वरच्या बिलियर्डच्या खोलीत, एक जवाहिऱ्या आला आणि जेम्स पेज नावाच्या माणसाच्या यंत्राचे शेअर घ्या म्हणाला. ट्वेननं दोन हजार डॉलरांचे घेतले. आत्मचरित्रात तो म्हणतो की मला खिळेजुळणी हातानं येत होती आणि माझी पक्की समजूत होती की असं यंत्र होणं शक्य नाही. यंत्राला विचार करता येत नाही, आणि खिळे जुळवायचे तर विचार करावाच लागतो. मग कोल्टच्या बंदुकांच्या कारखान्यात जाऊन ते यंत्र चालताना पाहिलं, आणि आणखी तीन हजार घातले. इतका जाणता माणूस घसरला तो जाणतेपणामुळेच. ज्याला जुळणी येत नाही त्याला त्या यंत्राचं एवढं नवल वाटलं नसतं.

पुढची दहा-बारा वर्षं पैसे जातच राहिले. पुस्तकांचा नफा, बायकोचा वारसा, मिळून सुमारे तीन लाख डॉलर. यंत्रात अठरा हजार सुटे भाग होते. पेज दर वेळी एक सुधारणा बाकी आहे म्हणायचा आणि यंत्र पुन्हा उघडायचा. १८८९ च्या ५ जानेवारीला यंत्रानं एक ओळ आपली आपण नेमकी ताठ बसवली, तेव्हा ट्वेननं भावाला पत्र लिहिलं: टेलिफोन, तार, आगगाडी, शिवणयंत्र ही यापुढे खेळणी आहेत.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि छापून झाल्यावर खिळे सोडायचं काम?”

“तेही यंत्रच करायचं. वापरलेले खिळे ओळखून ज्याच्या त्याच्या घरात.”

“मोडका खिळा आला तर?”

“तो बाजूला काढायचं.”

अण्णांनी मान हलवली. “इथेच मेलं ते. तुम्ही माझे हात यंत्रात घातलेत. माझ्या हाताला मोडका खिळा कळायला पाच वर्षं लागली.”

नेमकं हेच. पेजनं माणसाच्या हाताची हुबेहूब नक्कल केली: उचलणं, लावणं, ओळ ताणणं, परत सोडणं. ओटमार मर्गेनथालर या दुसऱ्या संशोधकानं खिळेच काढून टाकले. त्याच्या लायनोटाइपमध्ये कळ दाबली की अक्षराचा पितळी साचा खाली येतो, साच्यांची ओळ झाली की मधल्या पाचरी वर सरकून ती ताणतात, त्यात वितळलेलं शिसं ओततात आणि अख्खी ओळ एका पट्टीत पडते. साचे वर जाऊन दातऱ्यांच्या खुणेनं आपल्या खणात परततात. छापून झालं की पट्टी पुन्हा भांड्यात. सोडायला काही उरतच नाही. १८८६ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये हे यंत्र सुरू झालंसुद्धा. ट्वेन त्यानंतर आठ वर्षं पेजला पैसे पुरवत होता.

१८९४ मध्ये शिकागोच्या ‘हेरल्ड’ दैनिकात पेज यंत्राची चाचणी झाली. चालायचं तेव्हा झकास चालायचं. पण थांबायचं फार. तिथे कारभार आटोपला. आज एकच यंत्र शिल्लक आहे, हार्टफर्डला ट्वेनच्या घरी. दुसरं कॉर्नेल विद्यापीठात होतं, ते दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेलं.

अण्णा प्रात्यक्षिकाला यायला तयार झाले. अट एकच: कोणी मोबाइल नाकाशी आणायचा नाही.

२ नोव्हेंबर

फलक ६, ‘अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट’, १८८९. यंत्राच्या सावलीतच लिहिलं गेलेलं पुस्तक. यंत्र पुरं होईल त्याच दिवशी पुस्तक पुरं व्हावं अशी त्याची इच्छा होती. नायक हँक मॉर्गन कोल्टच्या त्याच कारखान्यातला फोरमन. डोक्यात घाव बसून सहाव्या शतकातल्या इंग्लंडात पोचतो आणि कारभार हाती येताच पहिलं काम काय, तर पेटंट कचेरी उघडतो. पुढे आर्थर राजाच्या राजधानीचं, कॅमेलॉटचं, पहिलं वर्तमानपत्र निघतं. ट्वेननं त्याचा नमुना पुस्तकात छापला आहे: गिचमिड, ओळी वाकड्या, अक्षरं मध्येच पालथी. नव्या जुळाऱ्याच्या हातून होतात तशाच चुका, प्रत्येक चूक माहीतगारानं निवडून केलेली. उत्तम विडंबन हे असं कामातून येतं.

शेवट मात्र विनोदी नाही. विजेचं कुंपण आणि गॅटलिंग तोफा वापरून हँक पंचवीस हजार सरदार मारतो, आणि प्रेतांच्या भिंतीत तो आणि त्याची माणसंच कोंडली जातात. प्रगतीच्या गप्पा मारणारा नायक शेवटी हे करतो. मला ही त्याची सगळ्यात भेदक कादंबरी वाटते. ‘हक फिन’नंतर लगेच वाचावी अशी. ग्रंथपालबाई असहमत आहेत, त्यांना ती लांबलेली वाटते. मधली शंभर पानं लांबलेली आहेत, हे कबूल.

६ नोव्हेंबर

फलक ७. प्रकाशक ट्वेन.

१८८४ मध्ये त्यानं भाचेजावई चार्ल्स वेब्स्टरच्या नावानं कंपनी काढली. दुसऱ्याच मोठ्या पुस्तकानं उच्चांक केला: माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रांट यांच्या आठवणी. ग्रांट भागीदाराच्या लबाडीनं कफल्लक झालेले, घशाला कर्करोग. दुसऱ्या प्रकाशकाचा साधा दहा टक्क्यांचा प्रस्ताव होता. ट्वेननं निव्वळ नफ्यातले सत्तर टक्के देऊ केले. ग्रांट लिहीत राहिले, हस्तलिखित पुरं करून १८८५ च्या २३ जुलैला गेले. तीन लाखांहून जास्त संच खपले. त्यांच्या पत्नीला दिलेला पहिला धनादेशच दोन लाख डॉलरांचा होता.

मग डोकं फिरलं. पोप लिओ तेरावे यांचं चरित्र काढलं, जगातला प्रत्येक कॅथलिक घेईल या हिशेबानं. घेतलं नाही. अमेरिकन साहित्याचा अकरा खंडी संग्रह हप्त्यांवर विकायला काढला. एजंटचं कमिशन आधी द्यायचं आणि गिऱ्हाइकाचे हप्ते नंतर यायचे, त्यामुळे विक्री जितकी जास्त तितकी तिजोरी रिकामी. वर १८९३ ची मंदी. १८ एप्रिल १८९४ ला कंपनी बुडाली.

त्याच वर्षी ‘पुडनहेड विल्सन’ आली. गुलाम बाई रॉक्सी आपलं गोरं दिसणारं बाळ आणि मालकाचं बाळ पाळण्यात बदलते. तेवीस वर्षांनी एका खुनाच्या खटल्यात बोटांच्या ठशांवरून सगळं उघड होतं. रहस्य ठीक आहे. फलकावर घेतोय ते शेवटचं पान. खुनी ‘टॉम’ला, म्हणजे मालक म्हणून वाढलेल्या रॉक्सीच्या मुलाला, जन्मठेप होते. पण आता तो कायद्यानं गुलाम, म्हणजे इस्टेटीतला माल. आणि इस्टेट कर्जात. धनको म्हणतात की हा माल आम्हाला मिळायला हवा होता. मौल्यवान गुलामाला तुरुंगात ठेवणं म्हणजे नुकसान, हे सगळ्यांना पटतं. राज्यपाल माफी देतात, आणि धनको त्याला नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेत विकून टाकतात.

स्वतःच्या धनकोंच्या यादीशी झगडत असलेल्या माणसानं हे छापलं आहे. भाच्यानं त्या परिच्छेदाला हिशेबवहीचं लाल-निळं आखीव पान पार्श्वभूमीला दिलं. पसंत.

१३ नोव्हेंबर

समितीची बैठक. ‘मार्क ट्वेन मुंबईत’ असा सगळ्यात मोठा फलक हवा, असा आग्रह झाला. देणगीदारांना तेच आवडेल, वगैरे. फलक करतोय, पण मोठा नाही.

तो का आला, हे आधी लिहिलं. कंपनीचं देणं सुमारे लाख डॉलर. कायद्यानं थोडं देऊन सुटता आलं असतं. बायको ऑलिव्हिया आणि तो, दोघांनी शंभर टक्के फेडायचं ठरवलं. स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स यांनी व्यवहार सांभाळला. मक्तेदार कंपन्यांना झोडपणाऱ्याला तारलं ते त्यांच्यातल्याच एकानं, आणि ट्वेननं ही मैत्री कधी लपवली नाही. १८९५ च्या जुलैत व्याख्यानांची जगप्रदक्षिणा सुरू झाली. १८ जानेवारी १८९६ ला तो मुंबईत उतरला, वॉटसन्स हॉटेलात राहिला, खोकल्यानं आधी अंथरूण धरलं, मग नॉव्हेल्टी थिएटरात बोलला. पुणे आणि बडोदाही झालं.

‘फॉलोइंग द इक्वेटर’ या त्या प्रवासावरच्या पुस्तकात मुंबईच्या रंगांची भरपूर वाखाणणी आहे. कावळ्यांवरचा उतारा तर धमाल: जुगारी, भामटा, हेर, वकील, पैशासाठी देशभक्त झालेला, असे सगळे जन्म घेऊन हा पक्षी तयार झाला, म्हणे. पण फलकाच्या मध्यभागी हॉटेलातला प्रसंग ठेवला. व्हरांड्याच्या दाराचं काहीतरी काम करायला एक नोकर गुडघ्यावर बसलेला. जर्मन साहेबाला काहीतरी खटकलं. काय ते न सांगता त्यानं आधी थोबाडीत दिली, मग चूक सांगितली. नोकर गप्प. ट्वेन लिहितो की असं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तो क्षणात मिसूरीत पोचतो, जिथे त्याचे सज्जन, न्यायी वडील घरच्या गुलाम पोराला, लुइसला, क्षुल्लक चुकांसाठी चापट्या मारत, आणि ते कोणालाच वावगं वाटत नसे. मुंबईचा पाहुणचार सांगणाऱ्याला हा उतारा अडचणीचा आहे, म्हणूनच घेतला. बैठकीत दोन जण गप्प झाले, अध्यक्ष म्हणाले, “ठेवा.”

१९ नोव्हेंबर

फलक ८ आणि ९ एका बैठकीत.

ऑगस्ट १८९६ मध्ये, तो इंग्लंडात असताना, मुलगी सूझी हार्टफर्डला मेंदूज्वरानं गेली. दोन ओळी पुरे. १८९८ पर्यंत सगळं देणं फिटलं.

१८९९ ची ‘हॅडलिबर्गला बिघडवणारा माणूस’ ही दीर्घकथा मात्र सविस्तर. प्रामाणिकपणाचा ताठा मिरवणाऱ्या गावात एक दुखावलेला परका सोन्याची थैली ठेवून जातो, चाळीस हजार डॉलरांची. सोबतच्या चिठ्ठीत म्हणतो: कधीकाळी ज्यानं मला उपदेशाचे चार शब्द सांगितले त्याची ही. एकोणीस प्रतिष्ठित घरांना गुपचूप तेच शब्द पत्रानं कळतात, आणि एकोणीसही घरं खोटं बोलायला तयार होतात. थैलीत शेवटी निघतात सोन्याचा मुलामा दिलेल्या शिशाच्या चकत्या. काचेच्या पेटीत या फलकाखाली आमचे जुने खिळे मांडणार आहे. तेही शिसंच, थोडं अँटिमनी आणि कथील घालून कडक केलेलं.

उतारवयातला साम्राज्यविरोध एका फलकात: फिलिपिन्समधल्या अमेरिकन लढाईवर १९०१ चा लेख, काँगोतल्या अत्याचारांवर १९०५ ची बेल्जियमच्या राजाच्या तोंडची पुस्तिका. ‘वॉर प्रेअर’ ही युद्धविरोधी छोटी कथा त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही, मृत्यूनंतर आली. मृत्यू २१ एप्रिल १९१०. त्याच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या वेळी दिसलेला हॅलेचा धूमकेतू गाळला, तो सगळ्यांना पाठ आहे.

२६ नोव्हेंबर

फलक आले. फलक ३ वर ‘सलगम’चं ‘सालगम’ झालं होतं, छपाईवाल्यानं पट्टी चिकटवून दिली. काचेच्या पेटीत केसचा एक खण, स्टिक, चिमटा आणि एजंटच्या नमुना-वहीसारखी आम्ही बांधलेली वही.

अण्णांकडे एक काम मागितलं होतं: कॅमेलॉटच्या वर्तमानपत्रासारखी, मुद्दाम चुकलेली चार ओळींची मराठी जुळणी. आज ती आणली. एकही चूक नाही. म्हणाले, “बसलो होतो चुका करायला. हात ऐकत नाहीत.” पालथे खिळे मग भाच्यानं घातले, अण्णांनी तोंड फिरवलं.

३० नोव्हेंबर

उद्घाटन झालं. गर्दी बरी होती. जर्मन साहेबाच्या फलकापुढे कोणी फार थांबलं नाही. ‘यंत्र’ फलकापुढे मात्र बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वही काढून उभे राहिले. तीन लाख डॉलर कोणत्या तारणावर, बायकोचा पैसा वेगळ्या नावावर होता का, लेखनाचे हक्क वाचले कसे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फलकावर नव्हतं, तोंडी दिलं: रॉजर्सनी हक्क आधीच ऑलिव्हियाच्या नावावर करून घेतले होते, कारण कंपनीत तिचा पैसा अडकला होता आणि ती सगळ्यात मोठी धनको ठरत होती. “म्हणजे चोख काम,” गृहस्थ म्हणाले आणि लिहून घेतलं.

मुलांची झुंबड अण्णांच्या टेबलाशी. प्रत्येकाला आपलं नाव जुळवून, शाई लावून, कागदावर उठवून हवं होतं. मोबाइलची अट पहिल्या पाच मिनिटांत मोडली, अण्णांनी लक्ष दिलं नाही.

४ डिसेंबर

तालुक्याच्या शाळेनं फलक मागितले आहेत. त्यांचा व्हरांडा अरुंद, सगळे मावणार नाहीत. जिमच्या गाईचा, यंत्राचा आणि हॅडलिबर्गचा जाईल, मुंबईचाही पाठवतोय. बँकवाल्या गृहस्थांचं उत्तर फलक ७ च्या खाली छोट्या पट्टीवर छापून घ्यायचं, भाच्याला मजकूर पाठवला. खिळ्यांची पेटी अण्णांच्या ताब्यात. ती ते आल्याशिवाय कोणी उघडायची नाही, असं शाळेला लेखी कळवायचं आहे.